ज्या हातानं जाळी काढली

आबा गेल्याची बातमी जळगावला आमच्या दारात आणली ती धुळ्याहून सरकीची पोती घेऊन आलेल्या एका ट्रक-ड्रायव्हरनं. मी अंगणात जुन्या लुगड्यावर पापड वाळत घालत होते. तो फाटकापाशीच थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "वहिनी, आबा गेले." मी मान वर न करता विचारलं, "आता कोणाच्या अंगावर?" तो हसला नाही. टोपी हातात तशीच धरून उभा राहिला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला... आबा झोपेत गेले होते. उभ्या आयुष्यात कुणाशी न भांडता त्यांनी केलेली ही एकमेव गोष्ट असावी. त्याला आता महिना उलटून गेला, दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, तरी माझं ते पहिलं वाक्य मला सुटत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग आमच्या सासऱ्यांबद्दल लिहायचं तर ज्यांना हे पाठवणार त्या संपादकांना कोरा रकानाच छापावा लागेल. तेव्हा जे होतं ते लिहिते. त्यांना खोटी स्तुती केलेली चालली नसती, आणि खरी ऐकून घ्यायला ते थांबले नसते.

आबा मारायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. धुळ्याला त्यांची कापसाची जीन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, होती. तिथला हमाल, फिटर, गाडीवान, रुई न्यायला आलेला दलाल, ज्याला म्हणून आबांच्या थपडेचा प्रसाद मिळाला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, डाव्या कानानं आजही कमी ऐकू येतं. शाळेत असताना पतंगापायी जेवायला उशीर केला, त्याची ती आठवण. बैलांवर मात्र आबांनी कधी चाबूक उगारला नाही. म्हणायचे, "मुक्या जनावराला बोलता येत नाही." मी लग्न होऊन त्या घरात आले त्याच वर्षी एकदा न राहवून विचारलं, "मग माणसाला बोलता येतं म्हणून मारायचं का?" वरणाचं ताट भिंतीवर जाऊन आदळलं. माझ्यावर त्यांनी हात कधी टाकला नाही हे खरं, पण त्या घरातल्या भिंतींना विचारा. मी भिंत धुतली, दुसरं ताट वाढलं, आणि ते मुकाट्यानं जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "वरण चांगलं व्हतं." आमच्या घरातली माफी एवढीच असायची, आणि तीही सगळ्यांच्या वाट्याला येत नसे.

जीन पांझरा नदीच्या अलीकडे, गावाच्या वेशीबाहेर होती. लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात एका ओळीत मांडलेली यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रापुढे उभी राहून कपाशी भरणारी एकेक बाई. ही सगळी यंत्रं फिरायची ती खालच्या अरुंद बोळातून जाणाऱ्या एकाच लांब लोखंडी दांड्यावर. त्याला सगळे शाफ्ट म्हणत. इंजिन शाफ्टला फिरवायचं, आणि शाफ्टवरून गेलेले चामड्याचे पट्टे वरच्या यंत्रांना. रुई वर राहायची, सरकी खाली बोळात पडायची, आणि ती ओढून काढायला बायांनाच वाकून आत शिरावं लागायचं. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचा नवा कायदा आला, त्यापाठोपाठ इन्स्पेक्टर आला, आणि त्यानं शाफ्टला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी बसवायला लावली. आबांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती बसवली. पण बसवली ती मात्र चांगली, बोल्टांनी करकचून आवळून. इन्स्पेक्टरनंच विमा उतरवायचंही सुचवलं होतं. ह्यांनी घरी तो विषय काढला. मजूर कामावर जायबंदी झाला तर मालकानं भरपाई द्यायची हा कायदा इंग्रजांच्या वेळेपासूनच आहे, तेव्हा विमा असलेला बरा, एवढंच ह्यांचं म्हणणं होतं. आबा भडकले आणि अहिराणीवर आले. "हंगाम सुरू व्हायच्या आधीच लिहून देऊ का, की मना जीनमा हात तुटनार शे? अभद्रा!" विमा राहिला तो राहिलाच.

आणि दसरा आला. आमच्या ओळखीच्या बहुतेक जिनांतून दसऱ्याला यंत्रांची पूजा करून मुहूर्ताचा कापूस घालायची रीत होती. आबांची त्यातली एक वेगळीच शिस्त. झाकलेल्या देवाला कुंकू लावायचं नाही. लक्ष्मी आली तर पिंजऱ्यात येईल का, असं म्हणायचे. म्हणून पूजेआधी शाफ्टची जाळी निघायची. बोल्टांना पान्हा लावायचा तो यजमानानं, म्हणजे आबांनीच. दुसऱ्या कुणी त्या पान्ह्याला शिवायचं नाही. मग शाफ्टला हळदकुंकू, तो ज्या ठोकळ्यांवर फिरायचा त्यांना झेंडूचे हार, नारळ, आणि लगेच त्या उघड्या शाफ्टवरच मुहूर्ताचा फेरा. जाळी परत कधी बसवायची? हार आपणहून गळून पडले की! वाहिलेलं फूल हातानं ओरबाडलं तर वर्षभराची बरकत जाते, अशी श्रद्धा. त्या वर्षी नवी सून म्हणून शाफ्टला मीच ओवाळलं. माझ्या शेजारी नारळाचं ताट दोन्ही हातांत धरून सुपडाबाई उभी होती. बायांमधली ती सगळ्यात जुनी. नवरा दम्यानं घरी बसलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर चालायचं. आबा वाकून बोल्ट काढत होते आणि ती मला हळूच सांगत होती, "माय, निरांजन सांभाळ, पट्टाना वारा लागी."

दुपारी गोडाची जेवणं झाली आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. आम्ही घरच्या बायका शेडच्या तोंडाशी प्रसाद वाटत होतो. सुपडाबाई सरकी ओढायला बोळात उतरली. सणाचं नवं लुगडं होतं, पदर कडक... मला दिसलं ते एवढंच की ती एकदम मागे खेचली गेली. कुणीतरी खोडी काढून पदर ओढावा तशी. तिनं पदर सोडवायला उजवा हात नेला. शाफ्टनं पदर गुंडाळला, मग हात गुंडाळला, आणि तरी तो फिरतच राहिला. इंजिनाच्या आवाजात किंकाळी ऐकूसुद्धा आली नाही. तोंड उघडलेलं तेवढं दिसलं. सरकीचा पांढरट ढीग लाल झाला, पट्ट्यावरून रक्ताचे थेंब वर उडून कपाशी भरणाऱ्या बायांच्या तोंडांवर पडले, आणि तेव्हा वरच्या बायांना कळलं. आबा धावले. पट्टा उतरवायची काठी शोधायला ते थांबले नाहीत. फिरता पट्टा त्यांनी नुसत्या हातानं ढकलून चाकावरून उतरवला. तळहाताची कातडी पट्ट्याबरोबर गेली. शाफ्ट थांबला तेव्हा हात खांद्यापासून गेलेला होता. तो एका पातळ कातडीवर लोंबत होता. ते मी पाहिलं.

पुढचं जे आहे, ते आबांनाच सुचू जाणे. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, स्वतःचं धोतर फाडून तिच्या खांद्याशी आवळलं, आणि रुईच्या गठाणी न्यायला आलेल्या ट्रकमध्ये चढवलं. मीही चढले. तिचे डोळे मिटायला लागले की आबा तिच्या गालावर फाडकन मारायचे. "डोया उघडा ठेव! उघडा ठेव, रांडे, मरी जाशी!" त्यांच्या सोललेल्या तळव्याचं रक्त तिच्या गालावर उमटत होतं. ते तिचं आहे की त्यांचं, हे दवाखान्यात कंपाउंडरलाही कळेना. मी मध्ये पडून त्यांचा हात धरला, तर मला कोपरानं बाजूला सारलं. वाटभर मारत नेलं त्यांनी तिला. डॉक्टर नंतर म्हणाले की शुद्धीवर ठेवल्यानं वाचली म्हणा, की घट्ट बांधल्यानं वाचली म्हणा, पण वाचली. त्या माराला काय म्हणायचं ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

सुपडाबाई जगली, आणि तिथून खरी मारामारी सुरू झाली. तिच्या भावानं नुकसानभरपाईचा दावा लावला. आबांनी वकील केला. त्या वकिलानं आमच्या ओसरीवर पान जमवत कायदा समजावून सांगितला, तो मला शब्दन् शब्द आठवतो. म्हणाला, "बाई मेली असती तर जाळी कोणी काढली हे कायदा विचारत नाही, भरपाई द्यावीच लागते. जगली, म्हणून विचारतो. मजुरानं मुद्दाम जाळी काढली असेल तर मालक सुटतो. तेव्हा ती जगली हे आपल्या पथ्यावरच पडलं, आबा." मी आतून पाणी घेऊन येत होते. माझ्या हातातला तांब्या मी त्याच्या डोक्यात का घातला नाही, याचं मला नवल वाटतं. सासरचे संस्कार म्हणा! जाळी आबांनी काढली हे सगळ्या जिनेला ठाऊक होतं. पण वेडू नावाचा मुकादम आपणहून पुढे आला. ती बाईनंच काढली असं सांगायला तो तयार होता. गावातले दुसरे जीनवालेही येऊन बसले. त्यांचं म्हणणं एकच, "आबा, तुम्ही आज कबूल झालात तर उद्या ज्याचं बोट चेंगरलं तो आमच्या दारात. धंदा करायचा की खानावळ चालवायची?" आबा ऐकून घ्यायचे आणि "हूं" म्हणायचे. त्या "हूं"चा अर्थ लावण्यात आमचं घर मोडायची वेळ आली.

हे बोलले. भर जिनेत, मजुरांसमोर म्हणाले, "आबा, जाळी तुम्ही काढलीत. देऊन टाका." ह्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आबांची थप्पड पडली, आणि ह्या वेळी एकीवर भागलं नाही. ह्यांनी हात उचलला नाही, नुसते मार खात उभे राहिले, आणि ते बघूनच की काय, आबा अधिक मारत सुटले. शेवटी फिटरनं आणि हमालांनी कव घालून त्यांना ओढलं. हे नाकातलं रक्त पुसत घरी आले, सदरा बदलला आणि जळगावची एसटी धरली. तिथं एका पेढीवर नोकरी मिळाली. खोली मिळेपर्यंत मी धुळ्यालाच राहिले. दरम्यान सुपडाबाईच्या गावचे लोक एके दिवशी फाटकावर जमले. शिव्या झाल्या, मग दगड आले. आबांनी फाटक उघडायला लावलं आणि एकटेच बाहेर जाऊन उभे राहिले. एक दगड कपाळावर बसला, भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं, तरी पुसलं नाही. "आनखी शे का?" एवढंच विचारलं. लोक हळूहळू पांगले. मी दार धरून उभी होते, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा अभिमानही वाटला आणि तो दगड बसला याचा आनंदही झाला.

कोर्टाच्या तारखेच्या आधी आबांनी मला कायद्याचं पुस्तक वाचून दाखवायला बसवलं. मी मॅट्रिक, इंग्रजी वाचता येणारी घरात एवढी एकच. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता होता. खांद्यापासून हात गेला तर किती, मनगटापासून गेला तर किती, अंगठा गेला तर किती, तर्जनी गेली तर किती. मी वाचत होते आणि आबा आपला उजवा पंजा समोर धरून एकेक बोट बघत होते. खाटकाच्या दुकानात वाटे लावावे तसं ते ऐकताना वाटत होतं. मग मी वकिलानं कोर्टासाठी तयार केलेलं लेखी म्हणणं वाचलं. "आबा, यात लिहिलंय की जाळी सुपडाबाईनं काढली." "हूं." मी पुस्तक मिटलं. कोर्टात त्यांनी मलाच बरोबर नेलं. वकील इंग्रजीत काय घाण करतो ते ऐकायला आपलं माणूस हवं म्हणे. टांग्यात मी धीर करून सांगितलं, "मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ओवाळताना मी तिथंच होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुले कोन इचारस?"

न्यायाधीशच भरपाईचे कमिशनर म्हणून बसत. सुपडाबाई उभी राहिली. उजव्या बाजूचा पदर रिकामा खाली लोंबत होता. मला तिची भीती वाटली. इतकी ती शांत होती. आमच्या वकिलानं विचारलं, "सरकी ओढायला अडचण होते म्हणून जाळी तूच काढलीस ना?" ती म्हणाली, "मी नही काढी. मना दोन्ही हातमा नारळनं ताट व्हतं. आबानी काढी." मग जरा थांबून, "दोन्ही हात व्हतात तवय." त्यानंतर वेडू मुकादम आला. घोकून आला होता. शपथ घेतली आणि पोपटासारखा बोलला, "मी देखं साहेब. इनीच काढी. आबाना पान्हा लिसन इनीच बोल्ट काढात."

पान्ह्याचं नाव निघालं मात्र, माझ्या शेजारचं बाक हललं. आबा उभे होते. "मना पान्हा?" वकिलानं त्यांच्या कोटाचं टोक धरून खाली ओढलं, त्याला आबांनी असं झटकलं की तो कागदांवर जाऊन पडला. "मना पान्हाले हात लावानी हिंमत शे कोनी? मना जीनमा? बाईमानूस मना पान्हा लेई?... आरे, ती जाळी मी काढी! मी! दर सालले मीच काढस!" कमिशनर टेबल आपटत होते, पट्टेवाला धावला, पण त्याच्या आधी आबा वेडूपाशी पोचले होते. ती थप्पड सबंध धुळ्यानं ऐकली असेल. वेडूचा दात पडला. तो कोर्टाच्या फरशीवर घरंगळत गेला आणि कारकुनाच्या पायाशी थांबला. आबांना धरून बाहेर काढलं, कमिशनरांनी समज दिली, दंड केला, वकिलानं तिथल्या तिथं वकीलपत्र सोडलं... आणि दाव्याचा निकाल मात्र त्या एका आरोळीत लागून गेला होता.

लोक नंतर म्हणायला लागले, आबांना सत्याची चाड होती. मी शेजारच्या बाकावर होते, मला विचारा. ती चाड नव्हती, तो माज होता. आपल्या पान्ह्याला बाईमाणसानं हात लावला असं चार लोकांत कुणी म्हणावं, हे त्यांना सोसलं नाही, बस्स. तिचा हात गेला तेव्हा जे तोंडातून निघालं नाही, ते पान्ह्यापायी निघालं. एवढं मात्र मला पडलेलं कोडं आहे की, विचारलं तर खरं सांगेन असं बजावणाऱ्या सुनेला त्यांनी टांग्यातून खाली का उतरवलं नाही. ते त्यांना विचारायचं धाडस मला कधी झालं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

बाहेर व्हरांड्यात आबा धापा टाकत खांबाला टेकले होते. उजवा हात वेडूच्या दातानं फाटला होता, रक्त ठिबकत होतं. सुपडाबाई भावाबरोबर जिना उतरायला निघाली होती, ती थांबली. आबांच्या त्या हाताकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, आज भाजी काय केली असं विचारावं तशी म्हणाली, "आबा, तुमना हात तं शाबूत शे. त्यानं आते कोणले मारशात?" आबा खांबाला टेकून तसेच उभे राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत.

भरपाई दिली, पण विमा नव्हता, तेव्हा ती जिनेतूनच गेली. दुसऱ्या जीनवाल्यांनी आबांच्या घरचं पान खाणं सोडलं, दलाल कापूस दुसरीकडे वळवू लागले. पुढच्या हंगामात जीन भाड्यानं दिली ती दिलीच. इतरांनी मात्र झटपट शहाणपण घेतलं. जाळ्यांना कुलपं लागली, विम्याचे एजंट रोज चकरा मारायला लागले, आणि बोळात उतरायच्या कामावरून बऱ्याच ठिकाणी बायांना काढून टाकलं. त्यांच्या जागी मुकादमाची रोजंदारीची माणसं आली, ज्यांची नावं कुठल्या हजेरीत नसायची. मी आबांना म्हटलं, "कायद्यानं हात वाचले." ते म्हणाले, "हात वाचले, पन त्या हातांस्नं काम गयं ना!" मी म्हटलं, "हात आहेत तर काम मिळेल." हा वाद आमच्यात शेवटपर्यंत चालला. ताट मात्र त्यानंतर भिंतीवर गेलं नाही. कारण आबांनी एक नवीच खोड लावून घेतली होती.

ओसरीवर त्यांची सुतळीची बाज असायची. राग आला, आणि तो दिवसातून चार वेळा यायचा, की ते बाजेच्या कडेला बसायचे आणि उजवा हात मांडीखाली घालून त्यावर सगळा भार देऊन बसायचे. चेहरा लाल, कपाळाची शीर फुगलेली, तोंडातून शिव्यांचा पट्टा चालू, आणि हात मांडीखाली. आम्ही जळगावहून सणाला गेलो की मला हसू यायचं. मी ह्यांना म्हणायची, "बघा, मांजर दाबून बसलेत." एकदा ते ह्यांच्यावर भडकले, जोरात उठू लागले... आणि अर्ध्यातून पुन्हा बसले. हे जागचे हलले नव्हते, गाल पुढे करूनच उभे होते. नंतर आबांनी ह्यांना विचारलं, "डावा कान कसा शे?" हे म्हणाले, "बरा आहे." बरा नव्हता.

बातमी आली तसे आम्ही धुळ्याला गेलो, आणि अखेरची अंघोळ ह्यांनीच घातली. नंतर मला म्हणाले, "हात एवढा जवळून कधी बघितलाच नव्हता गं. बघायचो तेव्हा तो अंगावर येत असायचा." एवढं बोलून हे मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. मला मात्र रडू आलं नाही. तिरडी उचलली तेव्हा नाही, अस्थी आणल्या तेव्हाही नाही. पाहुण्या बायका माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघत होत्या. बघू देत. त्या माणसासाठी कसं रडायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

तेराव्याला जेवणं आटोपत आली होती, तेव्हा सुपडाबाई आली. मी तिला त्या व्हरांड्यानंतर प्रथमच पाहत होते. केस पांढरे झालेले, पदर आता उजव्या खांद्यावर घट्ट खोचलेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ती कुणाला न विचारता सरळ ओसरीवर आली आणि आबांच्या बाजेवर बसली. मालकाच्या बाजेवर, घरातल्या माणसांसमोर! एक म्हातारे काका खाकरले. ह्यांनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते उठून मागच्या दारी गेले. बसल्याबरोबर ती एका बाजूला कलंडली. बाजेच्या कडेला खोल खळगा पडला होता. "हाई काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. कोर्टातून आल्यापासून राग आला की आबा तिथं बसायचे, उजवा हात खाली दाबून. तिनं तो खळगा हातानं चाचपला. मग म्हणाली, "मारकुट्या मेला!" आणि तिचा आवाज फाटला. पण लगेच सावरली. बाजेला असं ढिलं ठेवू नये म्हणाली, लहान लेकराचा पाय अडकतो. खाली उतरून पायथ्याशी बसली, दोरीची गाठ दातांनी सोडवली, डाव्या हाताला दोरी गुंडाळून घेतली आणि दुसरं टोक माझ्याकडे दिलं. "वढ, माय. जोरमा वढ." मी ओढलं. ती एका हातानं ओढत होती, मी दोन हातांनी, आणि जोर तिचा जास्त होता. सुतळी करकरली, एकेक पेड ताणला गेला आणि खळगा हळूहळू वर येत गेला. शेवटची गाठ तिनं पुन्हा दातांनीच आवळली. बाज नव्यासारखी सपाट झाली. ती सपाट झालेली दिसली आणि मला जे रडू फुटलं, ते आवरेना. तिथंच जमिनीवर बसून मी मोठमोठ्यानं रडले, पाहुण्यांसमोर, पदर तोंडाला लावायचंही भान न राहता. सुपडाबाईनं मला रडू दिलं. मग बाजेवर चढून बसली, शेजारची जागा हातानं थोपटली आणि म्हणाली, "ऊठ. बठ आठे." त्या घरात आल्यापासून सासऱ्यांच्या बाजेवर मी कधी बसले नव्हते. मी उठले, डोळे पुसले आणि तिच्या शेजारी बसले.